गावाच्या हाती जंगल दिलं की ते संपतं?

‘सामूहिक वनहक्क म्हणजे जंगलाचा मृत्यूलेख. जे सगळ्यांचं असतं ते कुणाचंच नसतं. गावकऱ्यांना वनशास्त्र कळत नाही, आणि जुन्या चालीरीती माणसं थोडी होती तोवर चालल्या.’ गावाला आपलं जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा कायद्याने मिळणारा हक्क म्हणजे सामूहिक वनहक्क. त्याबद्दल अशा आशयाचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. वाचायला पटकन पटतो, म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

‘सगळ्यांचं ते कुणाचंच नाही’ हा युक्तिवाद अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या 1968 च्या लेखातून आला. त्यांनी कल्पिलेलं कुरण कुणालाही मोकळं होतं. तिथे ना सीमा, ना नियम, ना राखण. पुढे 1998 मध्ये हार्डिन यांनीच मान्य केलं की, ‘व्यवस्थापन नसलेली’ सामाईक मालमत्ता असं म्हणायचं राहून गेलं. गावाचं जंगल तसं बेवारस नसतं. हद्द कुठली, कुणी काय आणि कधी न्यायचं, मोडलं तर दंड किती, हे तिथे ठरलेलं असतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशाच व्यवस्था अभ्यासल्या आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता ‘शास्त्र कळत नाही’ याबद्दल. इथे मला कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला बांबू आठवतो. कागद गिरणीला बांबू पुरवताना वनखात्याच्या पद्धतीत बांबूच्या बेटाच्या (झुबक्याच्या) बुडाशी असलेला काटेरी गुंता साफ केला जाई. बेट मोकळं झालं की वाढ चांगली होईल, असा समज. गावकरी म्हणत होते, काटे काढू नका, तेच कोवळे कोंब वाचवतात. 1970 च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजदाद केली आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं. काटे काढलेल्या बेटांतले कोंब गुरं आणि जंगली प्राणी खाऊन टाकत होते. वर्षानुवर्षं त्या बेटांजवळ वावरणाऱ्यांना जे दिसत होतं, ते कागदावरच्या योजनेत कुठेच नव्हतं. शास्त्राने त्यांना आधी विचारलं असतं तर किती बांबू वाचला असता! गावकऱ्यांचं सगळंच बरोबर असतं असा याचा अर्थ नाही. पण त्यांचं म्हणणं तपासायचंच नाही, याला शास्त्र म्हणता येणार नाही.

‘माणसं थोडी होती तोवर’ हाही मुद्दा टिकत नाही. नेपाळने 1957 साली जंगलांचं राष्ट्रीयीकरण केलं. गावांची राखण कमकुवत झाली आणि तोड वाढली. 1993 च्या वन कायद्याने जंगल वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या गटांना जंगलं सोपवली. आज असे 22 हजारांहून अधिक गट आहेत, आणि मधल्या काळात लोकसंख्या वाढूनही तिथलं वनाच्छादन वाढलं. शेती सोडून लोक परदेशी गेले, याचाही त्यात वाटा आहे, पण गटांची राखण वगळून तो बदल समजत नाही.

आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. चंद्रपूरच्या पाचगावने तर बिडीसाठी विकला जाणारा तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. चांगलं पान यावं म्हणून झुडपं छाटायची, आग लावायची, हे त्यांना जंगलाला परवडणारं वाटलं नाही. हातचं उत्पन्न सोडणारी ही माणसं मृत्यूलेखात कुठे बसतात?

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो, आणि गंमत म्हणजे तो या मजकुरात नाहीच. रूढीच्या संस्था अनेकदा पुरुषांच्या, वरच्या जातींच्या हाती राहिल्या. कित्येक देवरायांत बायकांना पाऊल टाकायलाही मनाई होती. पण त्यावर उपाय ग्रामसभेत बायकांना बोलतं करणं हा आहे, जंगल पुन्हा काढून घेणं नाही. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या जंगल राखणाऱ्या गटांचा अभ्यास केला. ज्या गटांच्या कार्यकारिणीत स्त्रिया अधिक होत्या, त्यांच्या जंगलांची स्थिती अधिक सुधारलेली दिसली.