एफ म्हणजे फास्ट नव्हे

गेल्या आठवड्यात रात्री पावणेअकराला कराडहून भाच्याचा फोन. "मामा, रेंडर हुईना. सकाळी नवरीकडची माणसं येणार हायत पेनड्राइव्ह न्यायला."

पोरगा लग्नाचं शूटिंग करतो, एडिटिंगही स्वतःच करतो. चाळीस मिनिटांची फिल्म, आदल्या रात्री रेंडरला (एडिट केलेल्या तुकड्यांची एक तयार फाइल बनवायला) लावून झोपला, तर सकाळी एकसष्ट टक्के. पुन्हा लावली, दुपारी प्रीमियर, म्हणजे एडिटिंगचं सॉफ्टवेअरच, बंद पडलं. मशीन तर बरं आहे: इंटेलचा आय5 12400एफ प्रोसेसर, 16 जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड. महिनाभरापूर्वी याच मशीनवर अशीच फिल्म तो जेवून येईपर्यंत निघत होती. नवीन काय केलंस, म्हणून तीनदा विचारलं तेव्हा कुठे हळूच म्हणाला, "ग्रुपवर एक मेसेज आलता. तेवढं केलंय."

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. "व्हिडिओ रेंडरिंग 10 पट फास्ट! ही 9 सेटिंग तुम्हाला कुणीच सांगणार नाही!!" खाली आगीची चित्रं, आणि प्रत्येक मुद्द्याला एक स्क्रीनशॉट. फोटोग्राफर असोसिएशनच्या ग्रुपवरून निघून तो तालुक्या-तालुक्यांत फिरतोय. मी पंधरा वर्षं एडिटिंग करतोय आणि लोकांची मशीन बांधून देतोय. या नऊ मुद्द्यांतले दोन बरे आहेत, चार निरुपयोगी आहेत आणि तीन घातक. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

पहिल्या मुद्द्यानं भाच्याचं वाटोळं केलं, म्हणून त्याच्यापासून. मेसेज म्हणतो: विंडोज मुळात एकच कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा भाग) वापरतं. एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज सुरू होतानाच्या सेटिंगची खिडकी, उघडा, बूटमध्ये जा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "नंबर ऑफ प्रोसेसर्स"ला टिक करा, शेजारी "मॅक्झिमम मेमरी"ला टिक करा, आकडे भरा, रिस्टार्ट करा. चित्रात प्रोसेसर 4 आणि मेमरी 4096 भरलेली. ते चित्र कुठल्यातरी जुन्या, चार कोअर आणि चार जीबीवाल्या मशीनचं. आमच्या पठ्ठ्यानं चित्रात होतं तसंच्या तसं भरलं.

व्हिडिओ कॉलवर त्याला टास्क मॅनेजर उघडायला लावला. परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली लिहिलेलं, लॉजिकल प्रोसेसर्स: 4. 12400एफमध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) असतात, म्हणजे तिथं 12 दिसायला हवेत. मेमरी 16 जीबी बसवलेली, पण वापरण्याजोगी चारच्याही आत. आणि हा मला वर सांगतोय, "पण मामा, सीपीयू शंभर टक्के चालतोय की आता! आधी सत्तरच जायचा." अरे, पंगतीला बारा वाढपी होते, त्यातले आठ तू घरी धाडलेस. उरलेले चौघं घामाघूम होऊन पळतायत म्हणून पंगत लवकर उठणार आहे का?

विंडोज एकच कोअर वापरतं, ही थाप मी निदान दहा वर्षं ऐकतोय. असलेले सगळे कोअर विंडोज आपोआप वापरतं, त्यासाठी कुठंही टिक लागत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दस्तऐवजात बघा. एमएसकॉन्फिगमधली ही टिक जी नोंद करते तिला बूटच्या सेटिंगमध्ये "नमप्रॉक" म्हणतात, आणि बूटच्या नोंदी बदलणाऱ्या बीसीडीएडिट या आज्ञेच्या पानावर तिचा अर्थ दिलाय: दिलेल्या संख्येइतकेच प्रोसेसर वापर. तो "इतकेच" शब्द वाचा. मेमरीची चौकटही तशीच, विंडोजला मिळणारी मेमरी कमी करण्यासाठी. ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आपला माल कमकुवत मशीनवर कसा चालतो ते तपासायचं असतं, त्यांच्यासाठी ही सोय आहे. म्हणजे तो ब्रेक आहे. मेसेजवाल्यानं त्याला अ‍ॅक्सिलरेटर म्हणून वाटलंय. सगळ्यात मोठा आकडा निवडलात तर फायदाही नाही आणि तोटाही नाही, म्हणून तर ही थाप इतकी वर्षं टिकली: करणाऱ्याला काही झालं नाही, आणि "जरा फास्ट वाटतंय" म्हणून त्यानं पुढं पाठवलं. पण पुढं कधी तीच डिस्क जास्त कोअरच्या मशीनला लावलीत, तर जुना आकडा तिथंही तसाच बसून राहतो.

दुसरा मुद्दा: टास्क मॅनेजरमध्ये प्रीमियरला "रिअलटाइम" प्रायॉरिटी, म्हणजे सगळ्यात वरचा अग्रक्रम, द्या. मायक्रोसॉफ्टच्याच कागदात याबद्दल इशारा आहे की अशी प्रोसेस क्षणभरापेक्षा जास्त चालली तर माउस प्रतिसाद देईनासा होऊ शकतो, आणि डिस्कवर लिहायचा माल कॅशमध्येच (तात्पुरत्या मेमरीत) अडकून राहू शकतो. फिल्म डिस्कवर लिहिली जायलाच हवी आणि तुम्ही डिस्कचंच काम मागं ढकलताय. गंमत म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क नसतील तर विंडोज रिअलटाइम म्हटल्यावर गुपचूप "हाय"च देतं. बहुतेकजण त्यामुळेच वाचले.

तिसरा, पेजफाइल (रॅमच्या जोडीला विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) बंद करा, "रॅम असताना डिस्क कशाला". विंडोज प्रोग्रॅमना मेमरी देताना आधी कबूल करतं, आणि रॅम अधिक पेजफाइल मिळून जेवढी होते तेवढंच कबूल करू शकतं. पेजफाइल काढलीत की ती मर्यादा खाली येते, मग प्रीमियरनं मोठा तुकडा मागितला की नकार आणि प्रोग्रॅम आडवा, रॅम थोडी मोकळी दिसत असतानासुद्धा. भाच्याचं प्रीमियर दुपारी पडलं ते यामुळेच. एका बाजूनं रॅम चारवर आणली, दुसऱ्या बाजूनं पेजफाइल उडवली. पडणार नाही तर काय!

चौथ्या मुद्द्यावर मात्र मला खरंच राग आला. "अँटिव्हायरस रेंडर स्लो करतो, आधी डिफेंडर पूर्ण बंद करा, मग खालच्या लिंकवरून रेंडर बूस्टर डाउनलोड करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा." कुणा अनोळखी माणसाची ईएक्सई फाइल, घराचं कुलूप काढून, चाव्या हातात देऊन आत घ्यायची. त्या डिस्कवर परक्या लोकांच्या लग्नाचं फुटेज असतं. हळदीचं, घरच्या बायकांचं, लहान पोरांचं. ते कुणी एन्क्रिप्ट करून पैसे मागितले तर पार्टीला काय तोंड दाखवणार? लग्न काय पुन्हा लावणार आहेत? भाच्यानं ही एक पायरी सोडली होती, तीही शहाणपणानं नाही, लिंक उघडली नाही म्हणून. आता यातला तीळभर खरा भाग: डिफेंडर प्रत्येक फाइल तपासतो आणि प्रीमियरचा मीडिया कॅश हजारो छोट्या तात्पुरत्या फाइली करतो, त्यामुळे थोडा भार पडतो. तेवढ्यासाठी कॅशचं एक फोल्डर डिफेंडरच्या अपवादात टाकता येतं. झालं. बाकी दार बंदच ठेवा.

"इंटेलचा एफवाला प्रोसेसर घ्या, एफ म्हणजे फास्ट." हा पाचवा. हे वाचून मला हसू आलं आणि मग आठवलं, भाच्याला मी यादीत 12400 लिहून दिला होता, दुकानदारानं हाच डायलॉग मारून एफ गळ्यात घातला. एफचा अर्थ, त्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद आहे. वेग तोच, म्हणून किंमत थोडी कमी. गेम खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही. व्हिडिओवाल्याला पडतो, आणि चांगलाच, कारण त्या ग्राफिक्सबरोबर क्विक सिंक जातं. क्विक सिंक म्हणजे इंटेलनं 2011 पासून प्रोसेसरमध्ये दिलेला, व्हिडिओ उलगडण्याचा आणि बांधण्याचा वेगळा भाग.

इथं जरा थांबतो, कारण लग्नवाल्यांचं खरं दुखणं हे आहे आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ता नाही. आता बहुतेकजण नव्या कॅमेऱ्यावर 10 बिट 4:2:2 (रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार) शूट करतात, रंग छान ओढता येतात म्हणून. पण हे 4:2:2 उलगडणं एनव्हिडियाच्या कार्डांना 50 सिरीज येईपर्यंत हार्डवेअरमध्ये जमतच नव्हतं. म्हणजे 1650 असो की 4090, ते काम प्रोसेसरच्या डोक्यावर. उलट इंटेलचं 11व्या पिढीपासूनचं डेस्कटॉप ग्राफिक्स एचईव्हीसीमधलं (व्हिडिओ आवळून साठवण्याची एक पद्धत) 10 बिट 4:2:2 सहज उलगडतं. 12400 घेतला असता तर भाच्याची टाइमलाइन लोण्यासारखी पळाली असती, एफ घेतला म्हणून अडखळते. तरी एक अट आहे: कॅमेऱ्यात एच.264 या जुन्या पद्धतीतलं 4:2:2 निवडलं असेल तर त्या पिढीच्या इंटेललाही ते हार्डवेअरमध्ये येत नाही. मशीन घ्यायच्या आधी कॅमेऱ्याचा मेनू बघा. आणि मशीन आधीच घेतलं असेल तर प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या प्रती) करा, निदान एडिट करताना शिव्या द्याव्या लागणार नाहीत.

रॅम दुप्पट केली की वेग दुप्पट, हा सहावा. आठ जीबीवर 4के करत असाल तर सोळा-बत्तीस करा, फरक दिसेल, हे कबूल. एकाच कांडीऐवजी दोन कांड्या लावा, हेही कबूल. पण बत्तीसमधली वीसच वापरात असतील तर चौसष्ट करून नुसती जागा रिकामी राहते.

सातवा मुद्दा स्वतःशीच भांडतो. म्हणे मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या, एक्स्पोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग लावा, आणि व्हीबीआर 2 पास निवडा, बिटरेट 100 ठेवा, मॅक्झिमम रेंडर क्वालिटीला टिक करा. हार्डवेअर एन्कोडिंग, म्हणजे फाइल बांधायचं काम कार्ड किंवा प्रोसेसरमधल्या खास भागाकडे देणं, हा या सगळ्या मेसेजमधला एकमेव खराखुरा वेगाचा उपाय, हे मान्य करावंच लागेल. प्रीमियरमध्ये एनव्हिडिया आणि एएमडीच्या कार्डांसाठी ते 2020 च्या मे महिन्यात आलं आणि आमची रात्रपाळी सुटली. पण 2 पास (फिल्म दोनदा वाचून बांधणं) निवडलंत की प्रीमियर हार्डवेअर सोडून सॉफ्टवेअर एन्कोडिंगवर जातं. म्हणजे एका ओळीत दिलेलं दुसऱ्या ओळीत काढून घेतलं! मोठ्या कार्डाचं म्हणाल तर एन्कोडर हा कार्डातला स्वतंत्र तुकडा असतो. आरटीएक्स 3050 आणि 3090, दोन्हींत एकाच पिढीचा एकच एन्कोडर. महागडं कार्ड इफेक्ट, नॉइज रिडक्शन, कलर ग्रेडिंगला कामी येतं, नुसतं कट-टू-कट आणि एक्स्पोर्ट करणाऱ्याला नाही. मॅक्झिमम रेंडर क्वालिटी चित्र लहान-मोठं करतानाच उपयोगी, एरवी उशीरच करते.

आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा) 100! हिशेब करा: 40 मिनिटं गुणिले सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे 30 जीबीची फाइल. यूट्यूब स्वतः 1080पी साठी, साध्या फ्रेमरेटला, 8 मेगाबिट सुचवतं, म्हणजे 2.4 जीबी. त्यात पार्टीचा पेनड्राइव्ह एफएटी32 या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असला तर 4 जीबीच्या वरची फाइल तो घेतच नाही. मग "कॉपी होईना" म्हणून पुन्हा मामाला फोन.

टेम्प आणि प्रीफेच ही विंडोजची फोल्डरं पुसणं, आठवा: प्रीफेच पुसण्याशी रेंडरचा काडीचा संबंध नाही. मीडिया कॅश मधूनमधून साफ करा, डिस्क भरलेली असेल तर फायदा होतो.

नववा, पॉवर प्लॅन. डेस्कटॉपवर फारसा फरक नाही, लॅपटॉपवर मात्र आहे: चार्जर लावून, फुल परफॉर्मन्सवर ठेवूनच रेंडर करा. हा मेसेजमधला दुसरा बरा मुद्दा. पण त्याच्या शेजारी उष्णता हा शब्द हवा होता, तो नाही. 12400एफ शंभर अंशांपर्यंत जाऊ शकतो, त्या रेषेला टेकला की स्वतःच वेग उतरवतो. भाच्याचं कॅबिनेट कुठं ठेवलंय माहीतेय? धूळ नको म्हणून टेबलाखालच्या कपाटात, दार लावून. वर पत्रा, बाहेर कराडचा एप्रिल. ते दार काढायला सांगितलं तर म्हणतो, "मामा, फर्निचरवाल्यानं नवीनच करून दिलंय." स्क्रूड्रायव्हर आणवला आणि कॉल चालू ठेवूनच बिजागऱ्या काढायला लावल्या.

ज्यांनी पहिला मुद्दा करून बसवलाय त्यांच्यासाठी: एमएसकॉन्फिग, बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. दोन्ही टिका काढा, ओके, अप्लाय, रिस्टार्ट. पेजफाइल पुन्हा "विंडोजनं सांभाळावी" यावर ठेवा. मग टास्क मॅनेजरमध्ये लॉजिकल प्रोसेसर्सचा आकडा बघा आणि आपल्या प्रोसेसरच्या थ्रेडशी जुळवा. भाच्याचा बारा झाला, फिल्म रात्री बारा-सव्वाबाराच्या सुमारास निघाली, नवरीकडची माणसं सकाळी नऊला आली. तिघं होते आणि पेनड्राइव्ह एफएटी32 निघाला.