हो, आहे मी बल्लवाचार्य

सकाळपासून डोकं फिरलंय. दुपारी पडलो तरी डोळा लागेना, म्हणून लिहायला बसलो. लांबण लागणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच पुढे सरका.

आज रविवार. नातू कालच राहायला आलेला, वय वर्षं दहा. मिसळीचा बेत होता आणि पाव घरचे करायचे, हे आमचं दोघांचं आठवडाभर फोनवर ठरलेलं. पीठ मी सहालाच मळून ठेवलं होतं. साडेआठला दोघं ओट्याशी उभे. तो वजनकाट्यावर ४५-४५ ग्रॅमचे गोळे तोडून द्यायचा आणि एखादा ४७ भरला की चिमटीने दोन ग्रॅम काढायचा. आजोबांचं रक्त! मग वळायला शिकवलं. लाडवासारखा हातात वळायचा नाही. तळहाताची कड ओट्याला टेकवायची आणि गोळा हळूच आपल्याकडे ओढायचा, म्हणजे वरची कातडी ताणली जाते आणि सगळ्या घड्या खाली जातात. पहिले तीन बिघडले. चौथा जमला. जीभ बाहेर काढून त्याने पाचवा घेतला आणि बेल वाजली.

व्याही. नातवाला न्यायला आले होते. बसले, चहा घेतला, ओट्याकडे बघून म्हणाले, "हे काय हो? पोराला बल्लवाचार्य करताय की काय? या वयात पोरगा मैदानावर पाहिजे." वर आणखी, "हल्ली काय, टीव्ही बघून सगळेच शेफ." आणि हसले.

वाईट मनाने नाही बोलले, हे मला मान्य आहे. पण पोराचे हात थांबले. त्याने पीठ चड्डीला पुसलं आणि चपला शोधायला लागला. पाचवा गोळा ओट्यावर तसाच.

मी काय बोललो? "घ्या ना, खारी घ्या." झालं. मुलीचा बाप. लग्नाला बारा वर्षं झाली तरी जिभेवरचं ते कुलूप निघत नाही. ते फेसबुकवर नाहीत म्हणून इथे लिहितोय. लेक आहे. तिने वाचलं तर वाचू दे.

आता मला सांगा, बेकरीच्या भट्टीवर तुम्ही बाई कधी पाहिलीत? जुन्या नाशकात आमच्या गल्लीच्या टोकाला बेकरी होती. दिवाळीच्या आधी आई मैदा, पिठीसाखर, डालडा आणि वेलदोड्याची पूड डब्यांत भरून द्यायची, आणि मी नि थोरला भाऊ नानकटाई भाजून आणायला जायचो. ही रांग! पत्र्याच्या ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी. भट्टीपुढे एक चाचा, अंगात नुसता बनियन, हातात लांब दांड्याचं लाकडी फावडं. ट्रे आत सारायच्या आधी ते उघडा हात भट्टीच्या तोंडाशी धरायचे, ओठांत काहीतरी मोजायचे आणि म्हणायचे, "अभी नहीं." पुन्हा थोड्या वेळाने हात. पुन्हा मोजणं. मग एकदम ट्रे आत. मी दोन तास तिथून हललो नाही. घरी येऊन वडिलांना सांगितलं, मला हे काम करायचंय. त्यांनी काय दिलं ते लिहायला नको.

तर भट्टीवर चाचा. गोव्यात सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाव घेऊन येतो तो पोदेर, तोही बाप्याच. इराण्याच्या बेकरीत गल्ल्यावर पुरुष, आत मैदा मळणारे पुरुष. लग्नातला आचारी पुरुष. म्हणजे मजुरी मिळाली की मर्दाचं काम, आणि तेच घरच्या ओट्यावर फुकट केलं की पोरगं बिघडलं! हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा. आणि बल्लवाचार्य म्हणजे काय शिवी आहे? विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव या नावाने राहिला तो भीम. गदा चालवणारा भीम. हे उत्तर मला ते लिफ्टने खाली गेल्यावर सुचलं, हे माझं नशीब.

आता टीव्हीचं. हो, टीव्ही बघूनच सुरू झालं. लपवायचंय काय त्यात?

मी ३४ वर्षं सातपूरला टूलरूममध्ये काढली, म्हणजे कारखान्यात साचे-हत्यारं बनवतात त्या खात्यात. मायक्रॉनमध्ये काम, मिलिमीटरचा हजारावा भाग. सेकंड शिफ्ट करून रात्री घरी यायचो तेव्हा लेक मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया लावून बसलेली असायची. मी ताट घेऊन शेजारी बसायचो, अर्धं इंग्रजी कळायचं नाही, पण बघत राहायचो. नंतर तिने लॅपटॉपवर ब्रिटिशांची ती बेकिंगची स्पर्धा लावून दिली, ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ. हिरवळीवर पांढरा तंबू, आत रांगेने ओव्हन, आणि स्पर्धक म्हणजे आपल्यासारखी नोकरीधंद्याची माणसं. २०१४ च्या सीझनमध्ये रिचर्ड बर नावाचा एक बांधकामवाला होता, कानामागे पेन्सिल खोचलेली. आमच्या टूलरूममध्ये निम्म्या लोकांच्या कानामागे अशीच पेन्सिल असायची! तो गडी पाच वेळा आठवड्याचा सर्वोत्तम बेकर ठरला. अंतिम फेरीत हरला, ते सोडा. २०१८ ला जिंकला तो राहुल मंडल, मूळचा कोलकात्याचा, तिकडे शेफिल्डला मॅन्युफॅक्चरिंगमध्ये संशोधन करणारा शास्त्रज्ञ. सारखा सॉरी सॉरी म्हणणारा, स्वतःच्या केकवर स्वतःच नाराज. अंतिम फेरीत त्याची काचेची बरणी फुटली, टेबलभर काचा. त्याला १५ मिनिटं वाढवून दिली आणि त्यात त्याने पुन्हा उभं केलं सगळं. मी सोफ्यावर उठून उभा राहिलो होतो. बायको म्हणाली, "वर्ल्ड कप आहे का?"

आणि जिंकणाऱ्याला मिळतं काय? केक ठेवायचा एक काचेचा स्टँड आणि फुलं. रोख एक पैसा नाही.

माझ्या उभ्या आयुष्यात घरच्यासाठी पीठ मळणारा पुरुष मी पाहिलाच नव्हता. मित्राच्या घरी नाही, नात्यात नाही. पन्नाशी उलटल्यावर टीव्हीने दाखवला. चाचांच्या भट्टीपुढे जे वाटलं होतं, वडिलांनी जे एका फटक्यात बंद केलं होतं, ते चाळीस वर्षांनी पुन्हा वर आलं. व्याही म्हणतात टीव्ही बघून कुणी शिकतं का. अहो, शिकायची इच्छा कुठून येते? ती काय रेशनवर मिळते?

बरं, नाटक असतं त्यात, आहेच. संगीत वाजवून घाबरवतात, तीन तासांचं पाच मिनिटांत दाखवतात. २०१४ लाच एका स्पर्धकाने आइस्क्रीम वितळलं म्हणून चिडून अख्खा पदार्थ कचऱ्यात टाकला आणि परीक्षकांपुढे कचऱ्याचा डबाच आणून ठेवला. गेला घरी. बघायला मजा येते, शिकायला मिळतं एवढंच की कितीही वाकडं झालं तरी ताटलीत वाढायचं. पण त्यांची ती मधली फेरी असते ना, ती बघा. हातात अर्धवट कृती देतात. कधीकधी नुसतं लिहिलेलं असतं, "भाजा." किती अंशावर, किती वेळ, काही नाही. आणि ही माणसं ओव्हनच्या काचेपुढे मांडी घालून बसून राहतात, रंग बघत. चाचा हात घालून मोजायचे तेच हे. आमच्या हार्डनिंगच्या, म्हणजे लोखंड तापवून कडक करायच्या भट्टीवरचे जुने लोक लोखंडाचा रंग बघून तापमान सांगायचे, तेही हेच. मला त्या तंबूत माझीच माणसं दिसली.

बघून हात चालत नाहीत, हेही खरं. २०२० ला लॉकडाऊनमध्ये माझा पहिला ब्रेड झाला तो दरवाजाला अडसर म्हणून चालला असता. यीस्ट तर बाजारात मिळतच नव्हतं, मिळालं तेव्हा मी ते कढत पाण्यात घालून मारलं. मग लेकीने ऑनलाइन क्लास लावून दिला. झूमवर. सगळ्या बायका आणि मी एकटा. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचा कॅमेरा चालू आहे बरं का." मी बनियनवर. (पुन्हा चाचा! पण हे तेव्हा नाही सुचलं, तेव्हा नुसता पळालो.) त्या बाईंनी शिकवलं मात्र मनापासून. ५०० ग्रॅम मैद्याला ३२५ पाणी, कपाने नाही, काट्यावर. पिठाचा तुकडा बोटांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरायला लावला, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे आणि फाटता कामा नये. माझा फाटला. पुन्हा मळा. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा मॅडमनी स्क्रीनला नाक लावून बघितलं आणि म्हणाल्या, "काका, आता झालं." त्या 'झालं'साठी मी ७०० रुपये दिले होते. वसूल.

सगळेच क्लास असे नसतात, तेही लिहितो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. दुसरा एक घेतला, अडीच हजारांचा. नाव घेत नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, सोबत पीडीएफ, त्यात "छान सोनेरी होईपर्यंत भाजावे". किती अंशावर? ग्रुपवर विचारलं तर उत्तर नाही, आठवड्याने ग्रुपच बंद. प्रमाणपत्र तेवढं वेळेवर आलं, आडनाव चुकवून. म्हणजे व्याह्यांचं म्हणणं अडीच हजारांपुरतं बरोबर आहे. तेवढ्यापुरतंच!

आणि जे कुठल्याच क्लासने सांगितलं नाही ते मला माझ्या धंद्याने सांगितलं. केक वरून जळायचा, आत कच्चा. तीनदा झालं. मी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. नॉबवर १८०, आत २०५! चार कोपऱ्यांत फिरवून वहीत मांडलं, डावीकडचा मागचा कोपरा सगळ्यात तापट. आता मी नॉब १६० च्या जरा पुढे ठेवतो आणि अर्ध्या वेळात ट्रे फिरवतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका "मला केक जमतच नाही" म्हणत स्वतःला दोष देतात. अगं बायांनो, आधी ओव्हन तपासा!

राग जरा उतरलाय लिहिता लिहिता.

व्याह्यांचंही कळतं मला. त्यांच्या वडिलांनी त्यांना तेच दिलं असणार जे माझ्या वडिलांनी मला दिलं. त्या दिवाळीचं एक सांगायचं राहिलं. मी भट्टीपुढे खिळलेला, भावाचं लक्ष गोट्यांत, आणि आमचा ट्रे दुसरंच कुणीतरी घेऊन गेलं. आम्ही आणली ती कुणाची तरी करपलेली नानकटाई. घरी त्याचीच बोलणी जास्त बसली. पण रात्री वडील बाहेर ओट्यावर एकटेच बसून त्या करपक्या नानकटाया एकामागून एक खात होते, हे मी खिडकीतून बघितलंय. बोलले कधीच नाहीत.

मी मात्र आज बोलायला हवं होतं. वडिलांसमोर नाही बोललो तेव्हा दहा वर्षांचा होतो. आज कशाला घाबरलो? नात्याला? "अहो, राहू द्या त्याला अर्धा तास, पाव होतील, खाऊन जा", एवढं म्हटलं असतं तरी पोराचा पाचवा गोळा पुरा झाला असता. तो बायकोने पुरा केला. पाव झाले, मिसळ आम्ही दोघांनीच खाल्ली. लादीतले चार पाव त्याचे, मधला एक भलताच तिरका. ते चारही डब्यात भरून ठेवलेत, संध्याकाळी स्कूटरवर पोचवून येतो. व्याही दार उघडतील. बघू.

एडिट : लेकीचा फोन आला. पोस्ट काढा म्हणत नाहीये. फक्त सासऱ्यांना पावाचं ऐकवू नका म्हणाली, त्यांना मैदा बंद आहे डॉक्टरांनी. आणि नातू मागून ओरडत होता की तो तिरका पाव त्याचा नाही, आजीचा आहे.