‘घाबरवून दुकान चालवता’ म्हणणाऱ्या वाचकास

जबड्याच्या सांध्यातली चकती सरकणं आणि हाडाचा आकार बदलणं यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की चकतीमुळेच हाड झिजतं हे सिद्ध नाही, सीबीसीटी (जबड्याच्या हाडांचा त्रिमितीय एक्स-रे) सरसकट लागत नाही, तुमचा जबडा कित्येक वर्षं वाजतोय तरी काही बिघडलेलं नाही. आणि वर, ‘तुम्ही डॉक्टर लोक पेशंटला घाबरवून दुकान चालवता.’

शंका सरळ विचारली असतीत तर आनंदाने बोलले असते. पण दुकान? ज्या लेखात मी कुणाला साधं दवाखान्यात यासुद्धा म्हटलेलं नाही, त्याखाली?

मी या विषयाकडे वळले ती आईमुळे. तिच्या कानापुढे कायम कट् वाजायचं. एका सकाळी ते थांबलं आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. भाकरी दुधात कुस्करून खायची. एका दवाखान्यात अक्कलदाढेचं निदान झालं, दाढ काढली, तोंड होतं तेवढंच उघडत राहिलं. मी तेव्हा बीडीएस करत होते. एमआरआयमध्ये चकती कॉन्डाइलच्या, म्हणजे खालच्या जबड्याच्या सांध्यातल्या टोकाच्या, पुढे गेलेली, तोंड उघडतानाही जागेवर न येणारी. कॉन्डाइलचा गोल माथा चपटा, पुढच्या कडेला चोचीसारखं हाड वाढलेलं. ते चित्र पाहिलेल्या माणसाला तुम्ही धंदा शिकवू नका.

असे बदल चकती परत जागेवर न येणाऱ्यांत जास्त आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मी संबंध आहे एवढंच लिहिलं होतं. आधी काय आणि मागून काय, यावर लेखात एक अक्षरही नाही. टीका करण्याआधी निदान पूर्ण वाचायचं तरी.

एक मान्य. कसलाही त्रास नसलेल्या साधारण तिघांतल्या एकाच्या एमआरआयतही चकती सरकलेली दिसते, आणि दुखत नसेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत. हे मी शेवटी लिहिलं होतं, वर घेता आलं असतं. सीबीसीटीत हाड दिसतं, चकती नाही.

आईचं तोंड मऊ खाणं आणि व्यायाम यांवर काही महिन्यांत उघडू लागलं, बहुतेकांचं असंच होतं. तुमचा जबडा नुसताच वाजतो, चांगलं आहे. पण ज्यांचा आवाज अचानक थांबून तोंड कमी उघडायला लागलंय, त्यांनी तुमच्या भरवशावर घरी बसू नये.