फासाच्या दोराखाली 'आमेन'

आज शुक्रवार. संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट केली, म्हणजे येशूच्या मरणाच्या वाटेची प्रार्थना, चौदा स्थानं, चौदा वेळा गुडघ्यावर बस नि ऊठ, या वयात सोपं नाही. घरी आले, कुकर लावला आणि फोन हातात घेतला. आमच्या वाड्याच्या चर्चग्रुपवर कोणीतरी फासाच्या दोराचा फोटो टाकलाय. परवाच्या त्या लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीवरून. कुठली ते तुम्हाला माहितेय, मला ती परत लिहायचा धीर नाही. फोटोखाली 'भर चौकात लटकवा'. त्याखाली जोडलेले हात, जोडलेले हात, परत जोडलेले हात, आणि मग एकाने, जो तासाभरापूर्वी माझ्या पुढे माईकसमोर उभा राहून पहिलं स्थान वाचत होता, त्याने टाकलंय 'आमेन', म्हणजे तथास्तु.

पहिलं स्थान काय असतं रे? येशूला मरणाची शिक्षा फर्मावतात. हेच वाचत होतास ना तू, चष्मा लावून?

माझ्या कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहिलं, वरण पार गाळ झालंय.

आता लगेच मला कोणी समजवायला येऊ नका की येशू निर्दोष होता आणि हा नराधम आहे. माहितेय. पण येशूच्या दोन्ही बाजूंना जे दोघे टांगले होते ते काही निर्दोष नव्हते. त्यातला एक तर स्वतःच म्हणाला की आपल्याला आपल्या कर्माचं फळ मिळतंय (आणि हो, फाशीवाले नेमकं हेच वाक्य पुढे करतात, की बघा, गुन्हेगारच म्हणतोय शिक्षा बरोबर आहे, करू देत). पण 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे कोणाला ऐकायला मिळालं? शिष्य पेत्राला नाही, योहानाला नाही. त्या चोराला. मरणदंड झालेल्या माणसाला मरणदंड झालेल्या माणसाने सांगितलं, आणि आपण उपवासकाळाचे चाळीस दिवस मटण सोडून हे ऐकतो आणि घरी येऊन फासावर आमेन टाकतो!

मला आमच्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, आठवण झाली. म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी कुठे एवढं लिहिते.

मी मूळची वसईची, लग्न होऊन गोव्यात बार्देशात आले त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिल्या काही वर्षांतलीच गोष्ट. सांजांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या, रात्री, विहिरीत उड्या मारून, पिऊन-बिऊन झाल्यावर पोरांची बाचाबाची झाली आणि आमच्या पोदेराचा मुलगा गेला. तेवीस वर्षांचा. मारणारा अगदी शेजारी राहणारा, त्याच्याच बरोबर लहानपणी फुटबॉल खेळलेला. आम्ही सगळे त्यांच्या घरी बसायला गेलो. मी नवीन, तरुण, तोंडाला कुलूप नाही. मी भर खोलीत मोठ्याने म्हटलं, असल्याला फाशीच द्यायला पाहिजे. कोणी काही बोललं नाही. पोदेराची बायको तेवढी हळू म्हणाली, 'बाय, तिका आयकूंक येता.' तिला ऐकू येतं. कोणाला ते मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मारणाऱ्या मुलाच्या आईला. मध्ये एक कुंपण आणि एक फणसाचं झाड, बस.

तेव्हा मला त्या बाईचा पण राग आला होता, खरं सांगते. असा मुलगा वाढवला म्हणून.

तर मुद्दा. माझ्या फ्रेंडलिस्टमधले निम्मे लोक रविवार न चुकवणारे आहेत, त्यामुळे तुम्हाला मी धर्म शिकवायची गरज नाही, पण तरी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या पुस्तकाचा, २२६७ वा परिच्छेद बदलून घेतला, मृत्युदंड मान्य होऊच शकत नाही, कारण गुन्हा कितीही भयंकर असला तरी माणसाची प्रतिष्ठा त्याच्याकडून जात नाही. हे काही त्यांना अचानक सुचलं नव्हतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की आजच्या काळात असा दंड द्यावाच लागेल अशी वेळ जवळपास येतच नाही. आणि ते नुसते लिहिणारे नव्हते, १९८१ मध्ये ज्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्याला ते तुरुंगात जाऊन भेटले, समोर खुर्ची घेऊन बसले.

आता कोणीतरी बायबलमधलं रोमकरांस पत्र, अध्याय तेरा काढणारच. राज्यकर्ता तलवार उगाच धरत नाही वगैरे. आहे तसं, लिहिलंय पौलाने, मी नाही कुठे म्हणते. पण त्या पौलाचा शेवट रोममध्ये राज्याच्या त्याच तलवारीने झाला अशीच आपली परंपरा सांगते, तेवढं पण वाचा. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, ज्याच्या नावाने आम्ही ढोल वाजवतो, तो ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मेला. कोणा गुंडाने नाही मारलं, सत्ताधीशाच्या हुकमाने, सगळं कायदेशीर. आपल्या संतांची यादी काढा, त्यातले किती सरकारी शिक्षेने मेले ते मोजा, आणि मग मला सांगा सरकारच्या दोरावर तुमचा एवढा विश्वास कुठून आला.

आमचे सासरे असते तर म्हणाले असते, पोर्तुगालने १८६७ मध्येच लष्करी सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी बंद केली, तुम्ही इंग्रजांच्या राज्यातले लोक मागासच. पोर्तुगालचं कौतुक सुरू झालं की त्यांना थांबवणं कठीण. पण त्याआधी काय? पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या पिंटोंच्या बंडानंतर १७८८ मध्ये पणजीत पंधरा जणांचे हाल हाल करून जीव घेतले. ते पंधरा कॅथलिक, शिक्षा देणारे कॅथलिक, बघणारे पण बहुतेक कॅथलिकच. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाबद्दल, तर मी बोलतच नाही, माझे हिंदू मित्र हे वाचतायत आणि त्यांना बोलायचा पूर्ण हक्क आहे. इटलीत पोपचं स्वतःचं राज्य होतं तेव्हा तिथे जल्लाद होता, एकट्याने पाचशेच्या वर माणसं मारली. म्हणजे आपले हात काही स्वच्छ नाहीत. मग तर अजूनच जपून टाइप करायला हवं ना आमेन!

चिडले मी. पाणी पिऊन आले.

खोटं नको बोलायला. २० मार्च २०२० ला पहाटे तिहारमध्ये चौघांना फाशी झाली तेव्हा मी पण उठून टीव्ही लावून बसले होते. चहा घेऊन. निर्भयाच्या आईने हात वर केला तेव्हा मला पण बरं वाटलं. माझी पण मुलगी आहे, ती रात्रीची स्कूटरवरून येते, ती गेटमध्ये शिरेपर्यंत मी जागी असते. त्यामुळे ज्या आया त्या ग्रुपवर जोडलेले हात टाकतायत त्यांच्यावर माझा राग नाही. त्या घाबरल्यात. माझा राग त्या एका शब्दावर आहे. राग तुमचा आहे, तुमच्या नावाने लिहा की, देवाची सही कशाला त्याच्याखाली?

आणि क्षमा वगैरे पुस्तकात ठीक, असं जे म्हणतात त्यांनी आपल्याच देशातली माणसं बघावीत. मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन पोरं, जानेवारी १९९९, ओडिशात गाडीत झोपलेली जाळली. त्यांच्या बायको ग्लॅडिसबाई म्हणाल्या मी माफ केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. त्यातला मुख्य दोषी दारासिंग, त्याची फाशी हायकोर्टात जन्मठेप झाली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेपच ठेवली. सिस्टर राणी मारिया, १९९५ मध्ये मध्य प्रदेशात बसमधून ओढून भोसकली, तिच्या सख्ख्या बहिणीने, ती पण सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्या खुन्याला राखी बांधली. राखी! मला हे जमलं असतं का? अजिबात नाही. माझ्या मुलीला कोणी हात लावला तर मी विळी घेऊनच बाहेर पडेन.

म्हणूनच मला ती मोठी माणसं दूरची वाटतात आणि पोदेर जवळचा वाटतो. कारण त्याने माफ केलं नाही.

मुलगा गेल्यावर आठ-दहा दिवस पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला नाही. मग एका पहाटे पों पों आवाज आला, मी पिशवी घेऊन गेटवर गेले आणि बघितलं तर तो त्या बाईच्या घरासमोर सायकल थांबवून उभा. चार उंडे, म्हणजे गोल पाव, तिच्या गेटच्या पिशवीत टाकले. पैसे घेतले, पूर्ण घेतले हां, एक रुपया सोडला नाही. मी बरेच दिवस कळ सोसली, मग न राहवून विचारलंच, आंकल, तुम्ही तिला पाव देता? त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी काहीतरी घाणेरडं विचारलंय. 'माफ करूंक ना हांवें कोणाक. पूण पाव तो पाव.' आणि टांग मारून पुढे.

खटला चालला, जन्मठेप झाली. गावात किती जण म्हणाले, स्वस्तात सुटला. पोदेराला कोर्टाबाहेर कोणी विचारलं समाधान झालं का, तर म्हणे तो म्हणाला मला दुपारचा पाव भाजायचाय. हे ऐकीव आहे, मी नव्हते तिथे.

फाशी झाली असती तर त्या बाईच्या गेटवर पाव आला असता का? मला नाही वाटत. मला वाटतं तो सायकल घेऊन दुसऱ्या रस्त्याने गेला असता, शरमेने. असं का वाटतं ते मला धड सांगता येणार नाही.

मध्ये एकदा तो मुलगा, आता कसला मुलगा, डोक्याचे केस गेलेत, पॅरोलवर घरी आला होता. सकाळी भोंपू वाजला आणि आई आजारी म्हणून हाच पिशवी घेऊन गेटवर आला. मी माझ्या गेटवर, हातातले पैसे तसेच धरून. पोदेराने टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला केलं, उंडे मोजून दिले, नोट घेतली, सुट्टे परत केले. वर बघितलं नाही. तो पण खालीच बघत होता. मग पोदेर माझ्या गेटला आला आणि त्याचे हात इतके थरथरत होते की माझी पोळी, म्हणजे कोंड्याचा पाव, खाली मातीत पडली, त्याने दुसरी दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

परवाच्या त्या आरोपीला जन्मभर आत ठेवा, गजाआड ठेवा, चावी समुद्रात टाका, मी मोर्चाला येते. खटला नीट चालवा, आधी माणूस तोच आहे का ते तरी बघा, पकडून दोन दिवस झालेत फक्त.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. तिथे लिहिलं तर फादरना मध्ये पडावं लागेल आणि त्यांना बिचाऱ्यांना आधीच पवित्र सप्ताहाची कामं आहेत. म्हणून इथे लिहितेय. आमेन टाकणारा हे वाचणार, आमचे कॉमन फ्रेंड भरपूर आहेत. वाच बाबा. आणि रविवारी चर्चमध्ये भेटलास तर तोंड फिरवू नकोस. मी पण नाही फिरवणार. बहुतेक.