ओबामांनी विषय टाळला? अर्धंच खरं
"वंशाचा विषय टाळला म्हणून ओबामा जिंकले" हे २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. टाळला, पण मार्च २००८ पर्यंतच. त्यांच्याच चर्चचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या, वंशभेदावरून अमेरिकेवर जहाल टीका करणाऱ्या प्रवचनांच्या क्लिपा टीव्हीवर दिवसरात्र फिरायला लागल्या, तेव्हा फिलाडेल्फियात उभं राहून अर्ध्या तासाहून जास्त वेळ ते याच विषयावर बोलले. रस्त्यात काळा माणूस दिसला की आपल्या गोऱ्या आजीला भीती वाटायची, हेसुद्धा सांगून टाकलं. मी तेव्हा न्यू जर्सीत नोकरीला होतो. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये शेजारचा गोरा सहकारी सँडविच हातात तसंच धरून म्हणाला, "माझी आजी पण अशीच होती." दोन वर्षांत आमचं बोलणं हवामान आणि बेसबॉलच्या पलीकडे गेलं नव्हतं!

आणि न बोलून तरी काय पदरात पडतं? काळे नेते डग्लस वाइल्डर १९८९ मध्ये व्हर्जिनियात हा विषय बाजूला ठेवूनच लढले. मतदानपूर्व चाचण्यांमध्ये चांगले पुढे होते, गव्हर्नर झाले ते जेमतेम अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने. अर्थात रोज उठून हेच बोलावं असं नाही. २०२४ मध्ये आपल्या वंशावरून ट्रम्पने मारलेल्या शेऱ्याबद्दल विचारल्यावर कमला हॅरिस "पुढचा प्रश्न" म्हणून मोकळ्या झाल्या, ते मला आवडलं होतं.