पूर्ण लेखाचं फीड कशासाठी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

ब्लॉगचं फीड (नवे लेख आपोआप वाचकाच्या रीडरमध्ये, म्हणजे ते वाचायच्या साधनात, पोचवणारी यादी) पूर्ण लेखासकट खुलं ठेवावं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप असे: फीड वाचायचं गूगल रीडर बंद झालं तिथेच आरएसएस (फीडचा प्रचलित प्रकार) संपलं, अख्खा लेख फीडमध्ये दिला की उचलेगिरी करणाऱ्यांचं फावतं, वाचक परस्पर वाचून मोकळे होतात, ब्लॉगवर फिरकत नाहीत, प्रतिक्रिया कमी होतात, आणि संकलकावर (अनेक ब्लॉगांची फीड एका पानावर मांडणाऱ्या साइटवर) सगळ्यांचं सगळंच येऊन पडल्यामुळे चांगलं लेखन गर्दीत दिसेनासं होतं. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर दुवा टाकावा, नाहीतर फीडमध्ये चार ओळीच द्याव्यात, असं तुम्ही सुचवलंय.

आधी चोरीबद्दल लिहितो, कारण तुमचा खरा संताप तिथे आहे आणि तो रास्त आहे. जीव ओतून लिहिलेला लेख नाव कापून सोसायटीच्या ग्रुपवर 'सुंदर विचार' म्हणून फिरताना पाहणं किती लागतं, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण तो लेख तिथे पोचतो कसा? कुणीतरी मोबाइलवर बोट दाबून मजकूर निवडतं, कॉपी करतं, शेवटची नावाची ओळ खोडतं आणि पुढे पाठवतं. यात फीड कुठेच आलं नाही. तुम्ही फीड बंद केलंत, उजवी क्लिक अडवलीत, तरी हा माणूस थांबणार नाही. अडतो तो प्रामाणिक वाचक, ज्याला एखादा परिच्छेद नावासकट बहिणीला पाठवायचा असतो.

फीडमधून उचलतात त्या आपोआप चालणाऱ्या साइट्स. त्या फीड ओढतात आणि शेजारी जाहिराती लावून छापतात. तिथे सहसा कुणी बसून ओळी खोडत नाही, त्यामुळे आपण फीडमध्ये जे घालू ते बहुतेक वेळा जसंच्या तसं उमटतं. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक लेखाच्या फीडखाली तळटीप देण्याची सोय आहे. तिथे तुमचं नाव, ब्लॉगचा दुवा आणि 'हा लेख मूळ इथे प्रसिद्ध झाला' एवढं लिहून ठेवा. चोराच्या पानावरून वाचक तुमच्याकडे यायची वाट त्याने मोकळी होते.

आता तुम्ही सुचवलेला मधला मार्ग, म्हणजे फीडमध्ये चार ओळी आणि पुढे 'अधिक वाचा'. इंग्रजी लेखाचं यात फारसं बिघडत नाही, मराठीचं बिघडतं. 'प्रतिक्रिया' हा शब्द घ्या. आपल्याला दिसताना तो चार अक्षरांचा, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, त्याचे ११ तुकडे आहेत: प, हलन्त, र, त, वेलांटी असे. हे तुकडे साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट (साठवणीची एककं) लागतात, म्हणजे हा एक शब्द ३३ बाइटचा. शब्द मोजून कापणारी प्रणाली असेल तर ठीक. पण ब्लॉगला जोडायच्या कित्येक तयार थीम आणि प्लगइन नुसते तुकडे मोजून कात्री लावतात. मग वाचकाला 'प्रतिक्' एवढंच दिसतं, पाय मोडलेलं. बाइट मोजून कापलं तर त्याहून वाईट: अक्षराच्या मधोमध घाव बसतो, शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं, आणि एक्सएमएल (फीड ज्या साच्यात लिहिलेलं असतं तो) काटेकोरपणे वाचणारं रीडर अख्खं फीडच नाकारतं. म्हणजे एका लेखाच्या सारांशापायी बाकीचे लेखही पोचत नाहीत. ज्या भाषेच्या जोडाक्षरांची फिकीर हत्यार बनवणाऱ्याने केलेली नाही, त्या भाषेचा मजकूर त्या कात्रीखाली द्यायचाच कशाला? पूर्ण लेख द्या, कापाकापीचा प्रश्नच मिटतो.

प्रतिक्रिया कमी होतात, हे तुमचं निरीक्षण मला मान्य आहे. रीडरमध्ये वाचणारा माणूस भेटींच्या आकड्यात दिसत नाही आणि दोन ओळी लिहायला त्याला ब्लॉगवर यावं लागतं, तेवढा आळस होतोच. पण हेच लोक वर्षानुवर्षं टिकतात. तुम्ही सहा महिने काही लिहिलं नाही तरी ते तुम्हाला विसरत नाहीत, कारण आठवण ठेवायचं काम त्यांच्या रीडरने घेतलेलं असतं. नोकरी, घर, आजारपण सांभाळून अधूनमधून लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून मोठा आधार नाही. शिवाय प्रतिक्रियांचंही वेगळं फीड असतं, ब्लॉगरवर आणि वर्डप्रेसवरही. चर्चेत रस असलेल्यांना त्याचा पत्ता द्या, ते परत येतात.

संकलकावरच्या गर्दीबद्दल. फीडचा जन्मच मुळी या कामासाठी झाला. १९९९च्या मार्चमध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी त्याचं पहिलं रूप तयार केलं, ते वेगवेगळ्या साइट्सचे मथळे वाचकाच्या एका पानावर यावेत म्हणून. आपल्याकडे मराठीब्लॉग्स डॉट नेट या संकलकाने तेच केलं. ब्लॉगरवर शीर्षक नुसतं मराठीत असेल तर लेखाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा असा कोरडा बनतो. त्यावरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. संकलकावर मात्र फीडमधलं शीर्षक देवनागरीत झळकायचं, आणि ज्याला कुणी ओळखत नाही अशा नवख्या लेखकाची नोंदही नामवंताच्या शेजारी, वेळेच्या क्रमाने लागायची. ही समान वागणूक मला फार मोलाची वाटते.

गर्दी होते, नाकारत नाही. पण संकलकाला अख्ख्या ब्लॉगचं फीड द्यायलाच हवं असं नाही. ब्लॉगरवर प्रत्येक लेबलचं (लेखाला लावलेल्या विषयाच्या चिठ्ठीचं) आणि वर्डप्रेसवर प्रत्येक वर्गाचं स्वतंत्र फीड असतं. सणांच्या शुभेच्छा आणि फोटो ब्लॉगवर राहू द्या, संकलकाला फक्त 'लेख' या लेबलचं फीड द्या. प्रत्येकाने एवढं केलं तरी पान वाचण्यासारखं राहतं.

गूगल रीडरचं थोडक्यात सांगतो. १ जुलै २०१३ला बंद झालं ते वाचायचं एक साधन. वाचकांना आपली यादी फाइल म्हणून सोबत नेता आली आणि ती फीडली किंवा इनोरीडर अशा दुसऱ्या रीडरमध्ये चढवता आली. ब्लॉग लिहिणाऱ्या एकालाही त्यासाठी काही बदलावं लागलं नाही, फीड होती तिथेच होती. आज तुम्ही ऐकता ती पॉडकास्टही बहुतांशी आरएसएसवरूनच पोचतात.

व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल जरूर चालवा, मीही दुवे टाकतो. पण तिथली वाचकांची यादी तुमच्या हातात नाही. उद्या त्या कंपनीने नियम बदलले, चॅनेल बंद केलं, तर ती माणसं उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. आणि वाचकाच्या बाजूने पाहा: फीडमध्ये तो काय वाचणार हे तोच ठरवतो. फोन नंबर द्यायचा नाही, ब्लॉगवर खातं उघडायचं नाही, कुणाच्या गणितावर अवलंबून राहायचं नाही. त्याने आपल्याला निवडलेलं असतं, आणि अशा वाचकाला अर्धा लेख देऊन दारात थांबवणं मला पटत नाही. एवढ्याचसाठी मी या विषयावर पुन्हा पुन्हा लिहितो.

तुमचा ब्लॉग ब्लॉगरवर आहे, तेव्हा सेटिंग्जमध्ये साइट फीडचा विभाग उघडा आणि 'पूर्ण' हा पर्याय निवडा. तळटीप तिथेच आहे. वर्डप्रेसवाल्यांना हीच निवड 'वाचन' सेटिंगमध्ये मिळेल. बदल केल्यावर एखादा जोडाक्षरांनी भरलेला जुना लेख रीडरमध्ये उघडून शेवटच्या ओळीपर्यंत नीट येतोय ना तेवढं पाहा. मग 'लेख' लेबलच्या फीडचा पत्ता मला इथेच कळवा. मी ठेवलेल्या मराठी ब्लॉगांच्या यादीत तो लगेच घालतो.