"दुधाचे दात पडणारच, मग डेंटिस्ट कशाला" वाल्या फॉरवर्डबद्दल

आयांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की दुधाचे दात पडणारच असतात, सहा-सात वर्षांपर्यंत डेंटिस्टकडे नेऊ नका, बाळ रडेल, पैसे जातील, आणि पेस्ट तर अजिबात नको, गिळेल. हे वाचून लोक खरंच थांबतात म्हणून एकेक घेते.

दात पडणारच. हो, पण कधी? पुढचे साधारण सहा-सातव्या वर्षी, मागच्या दाढा मात्र 10 ते 12 वर्षांपर्यंत, म्हणजे पाचवी-सहावीतलं पोरगंसुद्धा दुधाच्या दाढांनीच चावत असतं. ती दाढ किडून आधीच काढावी लागली की बाजूचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्याला जागाच उरत नाही. पू झाला तर आत तयार होत असलेल्या पक्क्या दातावरही डाग-खड्डे येऊ शकतात.

सहा वर्षं थांबा. का थांबायचं? लहान मुलांच्या डेंटिस्टांचा सल्ला सरळ आहे, पहिला दात दिसला की न्या, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. कारण कीड तेव्हापासूनच लागू शकते. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचा वरचा ओठ उचलून बघा, पुढच्या दातांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसते का. झोपेत लाळ कमी सुटते त्यामुळे दूध तिथेच साचून राहतं, खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात म्हणून ते बऱ्याचदा वाचतात आणि आईला वाटतं सगळं ठीक आहे. रेघ आहे तोवर फ्लोराइड वार्निश (डेंटिस्ट दातांवर लावतात तो फ्लोराइडचा लेप) लावून, सवय बदलून थांबवता येतं, एकदा तपकिरी खड्डा पडला की मग फिलिंग नाहीतर दाताच्या आतल्या नसेची ट्रीटमेंट, आणि एवढ्या लहान जिवाला कधीकधी भूल देऊन.

रडेल. रडू दे की! बाळाला खुर्चीत बसवतच नाहीत, आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळ आईच्या मांडीवर आणि डोकं डॉक्टरांच्या मांडीवर, दोन-चार मिनिटांत बघून होतं. दुखायला लागल्यावर पहिल्यांदा नेलेलं मूल त्यापेक्षा कितीतरी जास्त घाबरतं.

पैसे. मुंबईत नायर डेंटल कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, नागपूरलाही आहे, तिथे लहान मुलांचा वेगळा विभाग असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत येते तेव्हा दातही तपासून घ्या, ते त्यांच्या यादीतच आहे.

राहिली पेस्ट. पहिल्या दातापासून फ्लोराइडवाली, तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, तेवढी थोडी गिळली तरी चालतं. फक्त यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिकडच्यांनी पाणी कुठलं पितो ते डॉक्टरांना आधी सांगा.